पाच माणसं, पाच सॅक आणि तेरा लाख

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. घरात मी, नवरा, तेरा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. महिन्यातले दोन रविवार आम्ही डोंगरात असतो. हरिहर, रतनगड, साल्हेर, पावसाळ्यात भंडारदरा आणि दिवाळीच्या सुट्टीत कोकण. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्या गड चढत नाहीत, पण पायथ्याच्या गावापर्यंत हौसेने येतात. दहा वर्षांची हॅचबॅक आता पुरत नाही. सगळे बसलो की तिचं पोट रस्त्याला घासतं. ऑन रोड तेरा लाखांच्या वर जायची आमची तयारी नाही. नवऱ्याला थार हवी आहे. भाऊ म्हणतो, बोलेरो घ्या, जन्मभर पुरेल. मुलाला इलेक्ट्रिक हवी. रोज ऑफिसला गाडी मी नेते, एका बाजूला सहा किलोमीटर. फोर बाय फोर लागेल का? डिझेल घ्यावं का? आणि शेवटी कोणती घ्यावी ते स्पष्ट सांगा. 'बघा, तुमच्या गरजेनुसार ठरवा' असं उत्तर नको.
— डोंगरवेडी, नाशिक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

स्पष्टच सांगायचं तर थारचा विषय आधी मिटवून टाकू, कारण घरात वाद तिथेच अडला असणार. तीन दारांची थार ही चार आसनी गाडी आहे. मारुतीची जिम्नी पाच दारांची असली तरी तीही चार आसनीच. तुम्ही पाच जण. आरसीवर आसनक्षमता चार लिहिलेली असताना पाचवं माणूस बसवलं, तर पोलिसांची पावती ही त्यातली लहान कटकट. मोठी गोष्ट ही की त्या पाचव्या माणसासाठी गाडीत सीटबेल्टच नाही. शिवाय थारच्या मागच्या सीटवर जायला पुढची सीट वाकवून वर चढावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या बाईंना दर रविवारी ही कसरत करायला लावणार का? १५ ऑगस्ट २०२४ ला आलेली थार रॉक्स पाच दारांची आणि पाच आसनी आहे, गाडीही चांगली आहे, पण तिचं साधं मॉडेलसुद्धा ऑन रोड तुमच्या आकड्यात बसत नाही आणि फोर बाय फोर तर फारच वर जातं. तुमच्या यजमानांची समजूत कशी घालायची ते तुम्हीच बघा, तेवढं या सदराच्या कक्षेत येत नाही.

आता फोर बाय फोर. तुम्ही ज्या ठिकाणांची नावं लिहिलीत त्यांच्या पायथ्याच्या गावांचा विचार करू. रतनगडाची रतनवाडी, भंडारदऱ्याजवळचं बारी, हरिहरचं निरगुडपाडा, साल्हेरच्या पायथ्याची गावं, ही सगळी डांबरी रस्त्याने जोडलेली आहेत. डांबर पावसाळ्यानंतर उखडलेलं असतं, भंडारदऱ्याच्या धरणाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर खड्ड्यांतून रस्ता शोधावा लागतो, हे खरं. पण सह्याद्रीतल्या अशा बहुतेक गावांना एसटी जाते, आणि एसटीचा फक्त मागचा धुरा चाकं फिरवतो. जिथे ती पन्नास माणसं घेऊन जाते, तिथे तुमच्या गाडीला चारही चाकांना ताकद द्यायची गरज नाही.

गरज कुठे पडते? भर पावसात लोणावळ्याहून राजमाचीच्या उधेवाडीकडे जाणारी वाट, ओल्या लाल मातीची चढण, शेतातून गेलेला बैलगाडीचा रस्ता. अशा चढावर पुढच्या चाकांना ताकद देणारी भरलेली गाडी फसते. चढावर वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि जागेवर गरगरतात. काही गाड्यांत 'मड', 'सॅण्ड' अशी बटणं असतात, पण दोनच चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत ती बटणं फक्त इंजिनचा जोर आणि ब्रेक सांभाळतात, मागच्या चाकांना काही देत नाहीत. सेल्समन हे आपणहून सांगत नाही. तुमच्या वर्षभरातल्या प्रवासात असे रस्ते किती येतात? तेवढ्यासाठी काही लाख जास्त मोजायचे, रोज जादा वजन ओढत पेट्रोल जाळायचं, आणि सासूबाईंनी चढ-उताराला कुरकुरायचं? त्या दिवशी गाडी शेवटच्या पक्क्या रस्त्यावर लावा आणि गावातली जीप करा. गावातल्या माणसाला चार पैसे मिळतील आणि तो कुठल्या वळणावर गाडी फसते हे तुमच्यापेक्षा चांगलं जाणतो.

बोलेरोबद्दल तुमच्या भावाचं अर्धं बरोबर आहे. २००० सालापासून ती खेडोपाडी पळते आहे आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी तिचा मिस्त्री आणि सुटे भाग मिळतात. पण मागे पाट्यांचं सस्पेन्शन आहे. गाडीत सिमेंटची पोती असतील तर ते उत्तम, आजी असतील तर नाही. तिची शहरी बहीण बोलेरो निओ, तिला गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०२४ मध्ये मोठ्यांच्या आणि मुलांच्या दोन्ही सुरक्षेसाठी पाचपैकी एकच तारा दिला. घाटात मुलं घेऊन फिरणाऱ्या कुटुंबाला मी ती सुचवणार नाही. मागच्या आडव्या बाकड्यांवर 'जादा दोन माणसं मावतात' हा हिशेबही मनातून काढा.

मुलाच्या म्हणण्याला मात्र मी हसणार नाही. तुमची रोजची धाव बारा किलोमीटर, रविवारची बहुतेक ठिकाणं घरापासून शंभर किलोमीटरच्या आत. इलेक्ट्रिक गाडीसाठी हा चांगला मेळ आहे. अडचण दोन ठिकाणी येते. सोसायटीत तुमच्या स्वतःच्या पार्किंगला प्लग मिळाला पाहिजे, आणि दिवाळीत कोकणात उतरताना चार्जरच्या रांगा सांभाळून प्रवास आखावा लागेल. पाच माणसांना मोकळेपणाने बसता येईल एवढी मोठी इलेक्ट्रिक गाडी तेरा लाखांच्या काठावर येते, म्हणजे तुम्हाला सगळ्यात साधं मॉडेल आणि लहान बॅटरी घ्यावी लागेल. सोसायटीची लेखी परवानगी हातात असेल तर विचार करा. नसेल तर पुढच्या गाडीच्या वेळी मुलाचं ऐका, तोवर तोच चालवत असेल.

आता खऱ्या मुद्द्याकडे. माहितीपत्रकात ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट रस्त्यापासून किती उंच आहे तो आकडा, ठळक छापलेला असतो. तुमच्या कामाच्या चार गाड्या घेऊ : टाटाच्या नेक्सॉनचा २०८ मिमी, महिंद्राच्या एक्सयूव्ही थ्री एक्सओचा २०१, मारुतीच्या ब्रेझाचा १९८, स्कोडाच्या कायलॅकचा १८९. हे आकडे वाचून मनाला बरं वाटतं, पण पाच माणसं आणि सामान चढलं की स्प्रिंग दबतात आणि गाडी खाली बसते. म्हणून शोरूममध्ये आकडा रिकाम्या गाडीचा की भरलेल्या, हे विचारा. तसंही तुमच्या हॅचबॅकच्या तुलनेत या चारही गाड्या चांगल्याच उंच आहेत, त्यामुळे दहा मिलिमीटरच्या फरकावर घरात भांडू नका.

भांडायचंच असेल तर मागच्या सीटवर भांडा. तुमच्याकडे मागे तीन माणसं कायमची आहेत. मुलगा तेराचा, म्हणजे दोन-तीन वर्षांत त्याचे खांदे बापाएवढे होणार. ही गाडी तुम्ही आठ-दहा वर्षं वापराल. म्हणजे आज मागे एक आजी आणि दोन मुलं बसली असली, तरी तुम्ही गाडी घेताय ती तीन मोठ्या माणसांसाठी. इथे गाडीची रुंदी कामाला येते. चार मीटरच्या आतल्या गाड्यांत थ्री एक्सओची रुंदी १,८२१ मिमी आहे, नेक्सॉनची १,८०४, ब्रेझाची १,७९०. सेंटिमीटरभराचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण कसारा घाटात तीन तास खांद्याला खांदा लावून बसलेल्याला विचारा.

मागे बसणाऱ्या तिघांनाही तीन बिंदूंचा सीटबेल्ट असलाच पाहिजे, आणि तो लावलाच पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावरच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. गाडी भारीतली होती.

सासूबाईंना शोरूममध्ये घेऊन जाच. त्यांनी सीटवर नुसतं टेकून पाहायचं. सीट कमरेच्या उंचीला असेल तर माणूस बसतो, खाली असेल तर पडतो आणि वर असेल तर चढतो. वर-खाली दोन्हीत गुडघ्याचे हाल. दार किती उघडतं, उतरताना धरायला वर मूठ आहे का, हेही बघा. ही पाहणी सेल्समनच्या डोळ्यांदेखत निवांत करा, संकोच करू नका.

आणि सोबत सॅक न्या. गंमत नाही करत. घरातल्या पाचही सॅक, तंबू असेल तर तो, पाण्याचा जार, सगळं भरून शोरूममध्ये न्या आणि डिकीत ठेवून झाकण लावून पाहा. डिकी लिटरमध्ये मोजतात, पण सॅक लिटर वाचून आत शिरत नाही. नेक्सॉनची डिकी ३८२ लिटर, थ्री एक्सओची ३६४, ब्रेझाची ३२८. सीएनजीच्या मोहात पडलात तर टाकी डिकीतच जागा मागते, हे लक्षात ठेवा. सामान टपावर बांधायचं असेल तर वजनाची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते, ती पाळा. टपावर भार वाढला की घाटातल्या वळणावर गाडी जास्त झुकते. सायकली मागे टांगायची हौस असेल तर रॅकमुळे नंबरप्लेट आणि दिवे झाकले जात नाहीत ना, ते पाहूनच रॅक घ्या.

डिझेलबद्दल. पेट्रोल लिटरला १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरू. पाच माणसं घेऊन टर्बो पेट्रोल गाडी चौदाचं ॲव्हरेज देईल, डिझेल अठराचं. म्हणजे किलोमीटरमागे साधारण २ रुपये ४० पैशांची बचत. डिझेल गाडीला सव्वा लाख जास्त मोजले, तर ते वसूल व्हायला बावन्न-त्रेपन्न हजार किलोमीटर लागतात. तुम्ही लिहिलंत त्यावरून तुमची वर्षाची धाव दहा हजारांच्या आसपास. म्हणजे पाच वर्षं फक्त फिटंफाट. महाराष्ट्रात डिझेल गाडीवर रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त आहे, तो यात वेगळा.

पैशापेक्षाही मला तुमच्या सहा किलोमीटरची काळजी वाटते. आजच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात ती. ती साफ व्हायला इंजिन चांगलं तापून काही वेळ सलग वेगात पळावं लागतं. सिग्नलला थांबत सहा किलोमीटर जायचं आणि गाडी बंद करायची, यात ती तापतच नाही. तुमचे दोन रविवार तिला थोडं वाचवतील, पण परीक्षेच्या महिन्यात किंवा पावसाने बेत बदलला की डॅशबोर्डवर दिवा लागेल, आणि तुम्हाला रात्री नऊ वाजता कारण नसताना मुंबई-आग्रा महामार्गावर चक्कर मारून यावं लागेल. घाटात डिझेलचा जोर भारी असतो यात वाद नाही. थ्री एक्सओचं डिझेल ३०० न्यूटनमीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, देतं. पण तिचं टर्बो पेट्रोलही २०० देतं, नेक्सॉनचं १७०. पाच माणसं घेऊन इगतपुरीकडे चढताना तेवढा पुरतो. टर्बो नसलेल्या ब्रेझाचा सुमारे १३७. ब्रेझा इतर सगळ्या बाबतीत बिनत्रासाची, सर्व्हिसिंगला हलकी गाडी आहे, पण भरल्या गाडीने घाटात तिचे गिअर सारखे खाली टाकावे लागतात.

ब्रेझाची आणखी एक गंमत किमतीत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला, बाकी पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४०. ब्रेझाची लांबी चार मीटरच्या आत, पण इंजिन १,४६२ सीसीचं. त्यामुळे ती ४० टक्क्यांत गेली. नेक्सॉन आणि थ्री एक्सओ १८ टक्क्यांत आहेत. तेवढ्याच पैशात त्यांचं वरचं मॉडेल हाती येतं ते त्यामुळे.

पैशांचा विषय निघालाच आहे तर दहा लाखांची रेघ लक्षात ठेवा. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स लागतो, त्यावर गेलात की १२, आणि तो पूर्ण किमतीवर. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा प्राप्तिकर, कापतो. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करता येतो, पण त्या दिवशी खिशातून जातोच. एखादं मॉडेल रेघेच्या जरासं वर असेल तर त्याच्या खालच्या मॉडेलशी ऑन रोड किंमत ताडून पाहा. फरक दिसतो त्यापेक्षा जास्त निघतो.

तर माझं उत्तर : एक्सयूव्ही थ्री एक्सओ, टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअर, मधलं मॉडेल. मागची रुंदी, घाटात पुरेसा जोर, आणि सहा एअरबॅग, ईएसपी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा), चारही चाकांना डिस्क ब्रेक हे सगळं अगदी खालच्या मॉडेलपासून. भारत एनकॅप या आपल्याकडच्या धडक चाचणीत पाच तारे. शोरूममध्ये सॅक मावल्या नाहीत आणि तिघं मागे नेक्सॉनमध्येही सुखाने बसले, तर बिनदिक्कत नेक्सॉन घ्या. २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी, आणि आजही मजबूतच आहे. स्कोडाची कायलॅक मला स्वतःला आवडते, डिकीही ४४६ लिटर, पण ती अरुंद आहे. मागे दोनच माणसं असती तर तीच सांगितली असती.

मधलं मॉडेल का? कारण वरच्या मॉडेलचे पैसे बहुतेक छताच्या काचेत आणि मोठ्या चाकांत जातात. काचेचं छत नाशिकच्या एप्रिलमध्ये तापतं, पावसाळ्यात झाडाखाली गाडी लावली की त्याच्या पाणी जाण्याच्या नळ्यांत पाचोळा अडकतो, आणि मुलं त्यातून डोकं बाहेर काढतात ते वेगळंच. मोठ्या चाकांवरचे टायर पातळ असतात, खड्ड्याची धार थेट रिमला लागते. सोळा इंची चाक आणि जाड टायर डोंगराला बरा. खालचं मॉडेलही नको, कारण मागच्या काचेला वायपर आणि डिफॉगर नसेल तर भंडारदऱ्याच्या धुक्यात मागचं काही दिसत नाही. पांढऱ्या सीट टाळा. रबरी मॅट घ्या.

पुढे लोखंडी गार्ड बसवू नका. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच त्यांवर बंदी घातली आहे, आणि धडकेत ते एअरबॅगच्या सेन्सरला फसवतात. वाचलेल्या पैशात चांगला टायर इन्फ्लेटर आणि टो दोरी घ्या. चालकाच्या दाराच्या चौकटीवर टायरमधल्या हवेचे दोन आकडे लिहिलेले असतात, एक रिकाम्या गाडीसाठी, एक भरलेल्या. शनिवारी रात्री दुसरा आकडा भरा.

कोकणात गेलात की वाळूत गाडी घालू नका, यजमानांनी कितीही आग्रह केला तरी. भरती कुणासाठी थांबत नाही, आणि वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पावसाळ्यात ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर उंच गाडी आहे म्हणून पुढे जाऊ नका. इंजिनात पाणी गेल्यावर ते सुरू करायचा प्रयत्न केला आणि ते मोडलं, तर साधा विमा त्याचे पैसे देत नाही. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे जोडकलम वेगळं घ्यावं लागतं. तुमच्यासारख्यांनी ते घ्यावंच, सोबत झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे भरपाईत सुट्या भागांचा घसारा कापला जात नाही ते कलम. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेर दोन ठिकाणी दर विचारा. फरक बऱ्याचदा हजारांत असतो.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या कोपऱ्यापर्यंत घेऊन परत येऊ नका. पाचही जण बसून त्र्यंबकच्या रस्त्याने अंजनेरी फाट्यापर्यंत जा, येताना तुम्ही चालवा, कारण रोज तुम्हीच चालवणार आहात. क्लच किती जड आहे ते सहा किलोमीटरच्या सिग्नलांत कळेल, घाटात नाही. आणि गाडी ताब्यात घ्यायच्या आधी दिवसा उजेडी यार्डात जाऊन तिचा निर्मितीचा महिना आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. वर्ष जुनं असेल तर किमतीत घासाघीस करा, किंवा दुसरी गाडी मागा.